नाही म्हणणारं यंत्र

कारमधलं जीपीएस एकच गोष्ट विचारतं: कुठं जायचंय? मोटरहोमसाठी मुद्दाम बनवलेलं यंत्र त्याआधी गाडीची चौकशी करतं. उंची किती, रुंदी किती, लांबी किती, वजन किती, आणि गाडीत प्रोपेन गॅस आहे का? अमेरिकेत नवऱ्याबरोबर मोटरहोमनं फिरताना वाट दाखवायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत यंत्रं बदलली, पडदे मोठे झाले, फोनवर ॲप आली. पण यंत्र निवडायची माझी कसोटी तीच राहिली. वाट कुठलंही यंत्र दाखवतं. मला हवं असतं ते ‘या वाटेनं तुमची गाडी जाणार नाही’ असं वेळेवर सांगणारं.

इथं या गाडीला सगळे आरव्हीच म्हणतात. आमची ‘क्लास सी’ प्रकारातली. म्हणजे पुढं फोर्ड ई-450 चं केबिन, मागं घर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढं आलेला पलंग. लांबी 31 फूट, रुंदी आरसे सोडून 8 फूट 4 इंच. पाणी, सामान, माणसं धरून वजन 14,500 पाउंडांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे साडेसहा टनांच्या वर. मागं एक लहान कार, चारही चाकं जमिनीवर ठेवून जोडलेली असते. मुक्कामी पोचल्यावर किराणा आणायला, गावात हिंडायला ती लागते. ही कार जोडलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही. थोडं मागं गेलं की तिची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि जोडणीवर ताण येतो. मागं यायचंच असेल तर भर रस्त्यात उतरून कार सोडवावी लागते. वाट निवडताना आम्ही जी काळजी घेतो, तिचं निम्मं कारण हेच आहे.

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. कराड–चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटातून. सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायची. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी मागं घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरून मागं उभा राहायचा, हातानं आणि आवाजानं खुणा करायचा, आणि अण्णा त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवून गाडी मागं घ्यायचे. लांब गाडीला दोन माणसं लागतात हे मी तेव्हाच पाहिलं होतं. आरव्ही घेतल्यावर नवरा-बायकोत तीच पद्धत ठेवली. मी ‘एक बेल’ म्हटलं की तो आधी थांबतो, का ते नंतर विचारतो. यंत्र आलं म्हणून आमच्या गाडीतून कंडक्टर उतरला नाही.

यंत्र घेण्याआधी गाडी मोजायची असते. माहितीपत्रकातली उंची काही वेळा छतावरचा एसी न धरता दिलेली असते. नंतर कुणी अँटेना बसवतं, सोलर पॅनेल लावतं, आणि तो आकडा आणखीच निरुपयोगी होतो. आम्ही गाडी सपाट काँक्रीटवर उभी केली. नवरा शिडी लावून छतावर गेला, एसीच्या सगळ्यात उंच भागावर सरळ फळी आडवी ठेवली, ती समपातळीत आहे हे पाहिलं आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकापासून मी जमिनीपर्यंत टेप लावला. 11 फूट 6 इंच. यंत्रात आम्ही 12 फूट भरतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की पुलाखालची जागा तेवढीच कमी होते, आणि फलक मात्र जुनाच असू शकतो. वजन ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर, पाण्याची टाकी भरून केलं. लांबी मागची कार धरून भरायची, हे पुष्कळजण विसरतात.

हे आकडे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, सनव्हायझरवर चिकटवलेले आहेत, फुटांत आणि मीटरमध्येही. कॅनडात शिरलं की पुलांवरचे फलक मीटरमध्ये येतात. साडेतीन मीटर म्हणजे नेमकी आमच्या गाडीची उंची. तो फलक दिसला की डोक्यात गुणाकार सुरू होता कामा नये. ही वाट आपली नाही, हे त्याच क्षणी कळायला हवं.

इंटरस्टेट महामार्गांवर उंचीची चिंता सहसा नसते. शहराबाहेर पुलांखाली 16 फूट आणि शहरांत निदान 14 फूट जागा ठेवायची असं त्या रस्त्यांचं मोजमाप ठरलेलं आहे. त्यामुळं हजार मैलांच्या प्रवासात यंत्राची खरी परीक्षा एक्झिट घेतल्यानंतरच्या चार मैलांत होते. जुन्या गावातला रेल्वेपूल, नदीकाठच्या कॅम्पग्राउंडकडे जाणारा लहान रस्ता, वजनाची मर्यादा असलेला लाकडी पूल. कार चालवणाऱ्याला यातलं काही दिसतही नाही.

पूर्व किनाऱ्यावर मात्र कसोटी आधीच सुरू होते, कारण तिथं पार्कवे आहेत. कारचा प्रवास हीच करमणूक होती त्या काळात, हिरवाईतून सावकाश जाण्यासाठी बांधलेले हे रस्ते. कनेटिकटमधला मेरिट पार्कवे 1938 ते 1940 दरम्यान टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. त्याच्यावरच्या प्रत्येक पुलाची नक्षी वेगळी आहे. कार घेऊन मी तिथून मुद्दाम गेले आहे आणि पुन्हा जाईन, इतका तो देखणा आहे. पण 8 फुटांहून उंच वाहनाला तिथं बंदी आहे. न्यू जर्सीत एडिसनला आमचे पुष्कळ स्नेही आहेत, आणि तिथून कनेटिकटला जायचं असलं की फोन हमखास हा पार्कवे सुचवतो. फोनच्या दृष्टीनं त्यात चूक काही नाही. आपण साडेअकरा फूट उंच आहोत हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं, आणि सांगायची सोयही नसते.

एका कॅम्पग्राउंडवर आमच्या शेजारी एक वयस्क जोडपं उतरलं होतं. त्यांच्या गाडीच्या छतावर निळी ताडपत्री दोरीनं आवळलेली होती. आदल्या दिवशी फोनच्या सांगण्यावरून ते एका गावातून जवळच्या रस्त्यानं निघाले, आणि पुलाखाली दोन्ही एसी छतासकट सोलून निघाले. माणसं सुखरूप होती. बाई मला म्हणाल्या, तो आवाज अजून कानातून जात नाही. नवरा गाडी चालवत होता, त्या फोनकडे बघत होत्या, आणि पुलावरचा पिवळा फलक दोघांनीही पाहिला नव्हता. तोपर्यंत मी स्वतंत्र यंत्राला खर्चिक हौस समजत होते. त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, आता आपण घ्यायचं, आणि नीट पारखून घ्यायचं.

पारखायचं कसं? दुकानात सगळीच यंत्रं सुंदर दिसतात. खोक्यावर कॅम्पग्राउंडची संख्या छापलेली असते, पेट्रोल पंपांची, प्रेक्षणीय स्थळांची. मी त्याकडे बघत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरं मला आधीच माहीत आहेत आणि ज्यांचं उत्तर ‘नाही’ आहे, तेच प्रश्न यंत्राला विचारायचे, असं ठरवलं. पहिला आमच्याच गावातला. रेल्वेच्या पुलाखाली 10 फूट 6 इंचांचा फलक आहे आणि त्याच्या पलीकडे ग्रंथालय. यंत्रात 12 फूट भरायचे आणि घरून ग्रंथालयाची वाट विचारायची. दुसरा मेरिट पार्कवेचा. तिसरा बाल्टिमोरचा, प्रोपेन असताना बंदर कसं ओलांडायचं. मागवलेलं पहिलं यंत्र ग्रंथालयापाशीच अडलं. सरळ पुलाखालून जा म्हणालं. दुकानाच्या परतीच्या मुदतीत ते परत केलं. दुसऱ्यानं गावाला वळसा घातला, पार्कवे टाळून आय-95 हा इंटरस्टेट धरला आणि बाल्टिमोरचंही बरोबर सांगितलं. ते ठेवून घेतलं. त्यानंतर प्रत्येक नवं यंत्र, प्रत्येक ॲप मी याच तीन प्रश्नांतून नेते. ज्याला आरव्हीसाठी यंत्र घ्यायचंय त्यानं आपल्या गावातला असा एखादा पूल आधी शोधून ठेवावा. घरबसल्या अर्ध्या तासात निकाल लागतो.

हा निकाल उपग्रहांचा नसतो, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह फक्त वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कुठं आहोत ते यंत्र काढतं. हे काम स्वस्तातलं यंत्र आणि महागातलं यंत्र जवळपास सारखंच करतं. पुलाची उंची उपग्रहाला दिसत नाही. ती कुणीतरी जमिनीवर मोजलेली, कुणीतरी नोंदवलेली आणि कुणीतरी नकाशात भरलेली असते. पैसे मोजायचे ते या नोंदींसाठी. त्या किती आहेत, किती ताज्या आहेत, आणि एखाद्या रस्त्याची नोंद नसेल तर यंत्र तसं कबूल करतं का, एवढं बघावं. माहिती नसलेल्या रस्त्यावर तसा इशारा देणारं यंत्र मला जास्त विश्वासाचं वाटतं.

नोंदी शिळ्या होतात. नॉर्थ कॅरोलायनामधल्या डरहॅम शहरात 11 फूट 8 इंचांचा एक रेल्वेपूल होता. तिथं इतके ट्रक आपटत की त्याची चित्रणं जगभर पाहिली गेली. आमची गाडी कागदावर त्याखालून जाते, दोन इंच ठेवून! आम्ही अर्थातच तिकडे फिरकलो नाही. 2019 मध्ये तो पूल 8 इंचांनी उचलला गेला. आता तिथं 12 फूट 4 इंच आहेत, तरी उंच ट्रक अजूनही आपटतात.

बाल्टिमोरचा धडा फार दुःखाचा. आमच्या स्वयंपाकाला, फ्रीजला, हीटरला प्रोपेन लागतो, आणि त्याची टाकी गाडीलाच पक्की बसवलेली आहे. अशी गाडी बाल्टिमोर बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांत, आय-95 च्या आणि आय-895 च्या, नेता येत नाही. म्हणून आम्ही आय-695 वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचो. खालून जहाजं, डावी-उजवीकडे पाणी. मला ती वाट आवडायची. 26 मार्च 2024 च्या पहाटे एक मालवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. रात्रपाळीत पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, त्यामुळं पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे फोनवर दुसरा विषयच नव्हता. त्याच आठवड्यात मी आमच्या यंत्राला तिसरा प्रश्न पुन्हा विचारला. नवा नकाशा उतरवला नव्हता, आणि त्यानं नसलेल्या पुलावरून निळी रेघ ओढली. पडद्यावरच्या त्या रेघेकडे मला बघवेना. पुढं नवा नकाशा आला तेव्हा वाट शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालून जाऊ लागली. तेव्हापासून निघायच्या आदल्या आठवड्यात, घरच्या वायफायवर, नकाशा नवा करणं हे टायरची हवा तपासण्याइतकंच नेमाचं झालं आहे. कॅम्पग्राउंडच्या वायफायवर ते काम रात्रभरातही होत नाही.

‘नाही’ म्हणणारं यंत्र हवं म्हणून त्याचं प्रत्येक ‘नाही’ मान्य करायचं असंही नाही. युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात 1930 मध्ये पूर्ण झालेला, मैलाहून थोडा लांब बोगदा आहे. त्याची कमान अशी, की रुंद आणि उंच गाड्या आपल्या लेनमधून जाऊ शकत नाहीत. यंत्रानं आम्हाला तो रस्ता साफ नाकारला आणि लांबचा वळसा दाखवला. मी उद्यानाच्या कार्यालयात फोन केला. त्या वेळी आमच्या मापाच्या गाडीला जादा शुल्क भरून ठरलेल्या वेळेत जाता येत होतं. रेंजर पलीकडून येणारी वाहतूक थांबवून धरायचे, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध, कमानीच्या सर्वांत उंच भागाखालून जायची. तसे गेलो. बोगद्याच्या भिंतीतल्या खिडक्यांतून तांबडे कडे क्षणभर दिसतात ते अजून आठवतात. हे नियम बदलत असतात, म्हणून जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात उलट झालं. तिथला गोइंग-टू-द-सन रस्ता वरच्या टप्प्यात 21 फुटांहून लांब गाड्यांना बंद आहे, आणि त्यात तडजोड नाही. आरव्ही पायथ्याशी ठेवली आणि उद्यानाच्या बसनं लोगन खिंडीपर्यंत गेलो. मी पहिल्यांदाच एखाद्या घाटात नकाशा मांडीवर न घेता नुसती बाहेर बघत बसले.

चढ-उताराचं निराळं आहे. नवी यंत्रं तीव्र उताराची सूचना देतात, पण ती बहुतेकदा उतार जवळ आल्यावर. आम्हाला आदल्या रात्री कळायला हवं असतं. वायोमिंगमधल्या जॅक्सनहून आयडाहोकडे जाताना टेटन खिंडीत दहा टक्क्यांचा उतार आहे, म्हणजे शंभर फुटांत दहा फूट. मागं कार जोडलेली असताना आम्ही तो घेत नाही. अल्पाइन गावावरून नदीकाठचा लांबचा रस्ता धरतो. अण्णा सांगायचे, ज्या गिअरनं घाट चढलास त्याच गिअरनं उतर, ब्रेकच्या भरवशावर उतरू नकोस. आमच्या ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हातानं पाडता येतो, आणि नवरा तो उतार सुरू व्हायच्या आधी पाडतो. डोंगरी राज्यांत मी घाटांची टक्केवारी आणि वळणं सांगणारं ‘माउंटन डिरेक्टरी’ हे पुस्तक वापरते. ते ट्रकवाल्यांसाठी आणि आरव्हीवाल्यांसाठीच आहे. जोडीला रँड मॅकनॅलीचा ट्रकचालकांचा ॲटलस, ज्यात राज्यवार कमी उंचीच्या पुलांची यादी असते. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची वाट मी कागदावर बघते, कॅम्पग्राउंडच्या फाटकापाशी वळायला जागा आहे का ते उपग्रह-चित्रात बघते, आणि मग यंत्रात भरते. सकाळी यंत्रानं वेगळं काही सांगितलं तर का, हे विचारायला माझ्याकडे आधार असतो.

कागद लागतो याचं दुसरं कारण वाळवंट. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत फोनला रेंज मिळत नाही अशा मोठ्या जागा आहेत. तिथल्या रेंजरांमध्ये ‘जीपीएसनं आलेलं मरण’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग रूढ झाला होता, कारण खाणींच्या काळातले, केव्हाच मोडून गेलेले रस्ते नकाशांत जिवंत होते आणि लोक भर उन्हाळ्यात त्या रस्त्यांवर गेले. नकाशा यंत्रात आधीच साठवलेला असेल तर रेंज नसली तरी आपण कुठं आहोत ते कळतं. पुढचा रस्ता आज आहे का, ते कळत नाही. तिथं आम्ही डांबरी रस्ता सोडत नाही.

कुठलं घ्यावं असं लोक विचारतात. वर्षाचे काही महिने रस्त्यावर असाल तर आरव्हीसाठी बनवलेलं स्वतंत्र यंत्र घ्या. गार्मिनची आणि रँड मॅकनॅलीची अशी यंत्रं मिळतात. काहीजण ट्रकचं यंत्र लावतात. त्याच्याकडे पुलांच्या नोंदी चांगल्या असतात, पण व्यापारी वाहनांना बंद असलेले आणि आपल्याला मोकळे असलेले पुष्कळ रस्ते ते नाकारतं. पडदा सात इंचांहून लहान नको. साठीनंतर डोळे रस्त्यावरून पडद्यावर आणि परत रस्त्यावर यायला वेळ घेतात. उन्हात दिसतो का ते दुकानाच्या दारात येऊन बघा. इंजिनचा आवाज आणि मागच्या भांड्यांचा खडखडाट यांतून यंत्राचा आवाज ऐकू यायला हवा. एक्झिटची सूचना दोन मैल आधी येते का, कुठली लेन धरायची ते दाखवतं का, हे पाहा. पन्नास फुटांची गाडी अर्ध्या मैलात तीन लेन ओलांडू शकत नाही. वाहतूक कुठं तुंबली आहे ते बघायला मी शेजारी फोन उघडा ठेवते, पण फोननं सुचवलेली आडवाट आरव्हीच्या यंत्राला विचारल्याशिवाय घेत नाही. आणि दोन्ही काहीही म्हणोत, पुलावरचा फलक वेगळं सांगत असेल तर मी एक बेल देते.

हल्ली तरुण मराठी कुटुंबं उन्हाळ्यात आठवडाभर आरव्ही भाड्यानं घेऊन यलोस्टोनला जातात. देशातून आजी-आजोबा आलेले असतात, सगळ्यांना एका गाडीत बसायचं असतं. त्यांनी एवढ्यासाठी महागडं यंत्र घेऊ नये असं मी सांगते. गाडीची मापं भरून घेणारं ‘आरव्ही लाइफ’ किंवा ‘कोपायलट’सारखं ॲप फोनवर घ्यावं आणि नकाशे निघायच्या आधी उतरवून घ्यावेत. गाडी ताब्यात घेताना केबिनमधल्या उंचीच्या स्टिकरचा फोटो काढावा आणि मागं शिडी असेल तर एसीपर्यंत टेप लावून खात्री करावी. भाड्यानं देणाऱ्याला घाई असली तरी. पेट्रोल पंपाचं छत आणि कॅम्पग्राउंडमधल्या झाडाच्या फांद्या कुठल्याच यंत्राला माहीत नसतात, तिथं कुणीतरी खाली उतरून बघावं. कोण उतरणार ते घरूनच ठरवून निघावं.